एकाने घेतला खेळ, घराला किती मिळाला?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात काम करणारं एखादं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. घरात माणसं पाच, फोन तीन. मोठ्या मुलीनं शब्दकोड्यांचा एक खेळ ९९ रुपयांना विकत घेतला आणि तो धाकट्या भावाच्या फोनवर एक रुपयाही न देता उतरला. घरात सगळ्यांना आनंद झाला. काही दिवसांनी भावानं दुसऱ्या एका खेळात तेवढ्याच ९९ रुपयांचे हिरे घेतले. ताईच्याही फोनवर तोच खेळ आहे, पण तिच्या खात्यात एकही हिरा आला नाही.

पैसे वडिलांचेच, दुकानही तेच. मग पहिली खरेदी घराची झाली आणि दुसरी एकट्या मुलाचीच का राहिली? भावंडांची भांडणं सोडवताना आईवडील याला मोबाइलमधला बिघाड समजतात, कधी मुलालाच दोष देतात. बिघाड कुठेही नसतो. दोन्ही वेळा यंत्रणा ठरवून दिल्याप्रमाणेच वागलेली असते. ती कशी वागते हे समजलं, की मोबाइलवरचे खेळ स्वस्त कधी आणि महाग कधी पडतात हेही आपोआप उलगडतं.

टॉवेलला सूत लागतं, खेळाला लागत नाही

एमआयडीसीत विणल्या जाणाऱ्या प्रत्येक टॉवेलला सूत लागतं, रंग लागतो, यंत्रमागाची वीज लागते, माणसाची मजुरी लागते. हजारावा टॉवेलही पहिल्याइतकाच कच्चा माल खातो. त्यामुळे त्याच्या किमतीला खालून एक टेकू असतो. त्या टेकूखाली भाव गेला, तर कारखानदार तोट्यात जातो.

मोबाइलवरच्या खेळाचं गणित याच्या उलट आहे. सगळा खर्च पहिल्या प्रतीवर होतो. चित्रकार, संगीतकार, प्रोग्रामर यांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत त्या एका प्रतीत असते. दुसरी प्रत, दहा हजारावी प्रत जवळजवळ फुकट तयार होते. म्हणून खेळाच्या किमतीला तसा टेकू नाही. तोच खेळ अमेरिकेत चार डॉलरला आणि भारतात साठ-सत्तर रुपयांना विकणं विकणाऱ्याला परवडतं. कमी भावात मिळालेला प्रत्येक ग्राहक ही त्याची भरच असते.

भारतीय खिसा ओळखून दुकानदारांनीही नियम बदलले. गूगल प्लेवर भारतात विकल्या जाणाऱ्या अ‍ॅपची किमान किंमत पूर्वी ५० रुपये होती. जुलै २०१५ मध्ये ती १० रुपयांवर आणली गेली. आज खेळाच्या आत दहा-वीस रुपयांच्या पुड्या दिसतात त्याची वाट तिथून मोकळी झाली.

टॉवेल आणि खेळ यांच्यात आणखी एक फरक आहे आणि आपल्या कोड्याचं मूळ त्यातच आहे. टॉवेल विकत घेतला की तो घराचा झाला. न्हाणीघरातून कोण बाहेर येतं आणि कोण तो वापरतं, याची चौकशी करायला कारखानदार येत नाही. खेळ मात्र विकत मिळतच नाही. मिळते ती वापरण्याची परवानगी, आणि ती एका खात्याच्या नावावर नोंदलेली असते. ती इतरांना वापरू द्यायची का, किती जणांना आणि कोणत्या अटींवर, हे दुकान आणि खेळ बनवणारी कंपनी मिळून ठरवतात.

नोंद कोणाच्या वहीत?

मोबाइलवर खरेदी केली की तिची नोंद कुठेतरी होते. ती कुणाकडे होते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. खरेदीचे चार प्रकार लक्षात घेतले तरी पुरे.

पहिला प्रकार आख्खं अ‍ॅप विकत घेण्याचा. आधी पैसे, मग खेळ. ही नोंद दुकानाकडे, म्हणजे गूगल प्लेकडे किंवा अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरकडे, कायमची राहते. फोन हरवला, नवा घेतला, तरी त्याच खात्यातून आत शिरलं की दुकान नोंद पाहून खेळ पुन्हा देतं. नोंद दुकानाकडे असल्यामुळे ती घरातल्या इतरांच्या खात्यांना जोडणंही दुकानाला सोपं जातं. ताईचा शब्दकोड्यांचा खेळ भावाकडे गेला तो याच वाटेनं.

दुसरा प्रकार खेळ फुकट घेऊन आत गेल्यावर एकदाच पैसे भरण्याचा. जाहिराती कायमच्या बंद करणं, पुढचे सगळे टप्पे उघडणं, असं काहीतरी. हीसुद्धा टिकणारी खरेदी आहे आणि तिचीही नोंद दुकानाकडे राहते. तरीही ती घरात वाटली जाईलच असं नाही. याचं कारण पुढे येईल.

तिसरा प्रकार हिरे, नाणी, जादा आयुष्यं यांचा. या वस्तू वापरून संपवण्यासाठीच असतात. मुलानं हिरे घेतले की दुकान पैसे घेतं आणि खेळाला निरोप देतं. खेळ आपल्या सर्व्हरवर त्या खेळाडूच्या नावापुढे हिरे जमा करतो आणि ‘माल पोचला, वापरला’ असं दुकानाला उलट कळवतो. ते कळवलं नाही तर तोच पुडा दुसऱ्यांदा विकत घेताच येत नाही. त्या क्षणानंतर वाटण्यासारखं काही दुकानाकडे उरतच नाही. भावाचे हिरे ताईला का मिळाले नाहीत, याचं तांत्रिक उत्तर इतकंच आहे.

चौथा प्रकार वर्गणीचा. दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरायचे आणि तोवर खेळायचं.

सहा जणांचं कुटुंब

ॲपलनं ‘फॅमिली शेअरिंग’ ही सोय सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर आणली. गूगल प्लेची ‘फॅमिली लायब्ररी’ जुलै २०१६ मध्ये आली. दोघांचाही आकडा सारखाच आहे. एक प्रौढ प्रमुख आणि त्याच्याबरोबर जास्तीत जास्त पाच जण, असे एकूण सहा. आजी-आजोबा, आईवडील आणि तीन मुलं एकत्र राहतात त्या घरात सातवं माणूस बाहेर राहतं. हा आकडा एकत्र कुटुंबं पाहून ठरवलेला नाही, हे उघड आहे.

कुटुंबानं एकाच देशात असावं, अशीही अट आहे. सोलापूरचे आईवडील आणि अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा यांचा एक गट होत नाही. एका वेळी एकाच गटात राहता येतं आणि गट बदलण्यावर वर्षातून एकदाच अशी मर्यादा आहे. गट सोडला की इतरांनी घेतलेली अ‍ॅप हातातून जातात. शिवाय अँड्रॉइडवरची खरेदी आयफोनवर चालत नाही. ही दुकानं एकमेकांच्या नोंदी मानत नाहीत.

आख्खं अ‍ॅप वाटण्यासाठी या सोयी चांगल्या चालतात. गूगलनं २ जुलै २०१६ नंतरच्या अ‍ॅपखरेद्या फॅमिली लायब्ररीसाठी पात्र ठरवल्या. त्याआधीच्या खरेदीबाबत निर्णय अ‍ॅप बनवणाऱ्यावर सोडला. अडचण सुरू होते ती खेळाच्या आत भरलेल्या पैशांपाशी. गूगलच्या फॅमिली लायब्ररीत आतली खरेदी वाटताच येत नाही, मग ती जाहिराती बंद करण्याची असो की हिऱ्यांची. ॲपलकडेही २०२० पर्यंत तसंच होतं.

याचा फटका कसा बसतो हे निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ रन’नं दाखवलं. डिसेंबर २०१६ मध्ये हा खेळ आयफोनवर आला. पहिले काही टप्पे फुकट आणि पुढचा सगळा खेळ ९.९९ डॉलरला, तोही एकदाच. हिरे नाहीत, नाणी विकणं नाही. किंमत सरळ होती, पण ती खेळाच्या आत भरायची होती. त्यामुळे आईनं पैसे भरले तरी दोन मुलांच्या दोन फोनांवर खेळ पहिल्या टप्प्यांपाशीच अडला. हाच खेळ याच किमतीला दारातच विकला असता, तर सहा जणांचं घर एका खरेदीत खेळलं असतं. पैसे तेवढेच, पण भरण्याची जागा बदलल्यामुळे घराचा हक्क गेला.

२०२० च्या अखेरीस ॲपलनं टिकणारी आतली खरेदी आणि वर्गणी या दोन्ही गोष्टी कुटुंबात वाटण्याची मुभा दिली. मात्र निर्णय खेळ बनवणाऱ्याच्या हाती ठेवला. त्यानं परवानगीची कळ दाबली तरच वाटप होतं, आणि एकदा दाबली की मागे घेता येत नाही. हिरे-नाणी मात्र तिथंही वाटता येत नाहीत.

एका नजरेत

▪ आधी पैसे देऊन घेतलेलं आख्खं अ‍ॅप: गूगल आणि ॲपल दोन्हीकडे सहसा घरात वाटता येतं. अ‍ॅपच्या पानावर तसा उल्लेख असतो.
▪ आतली टिकणारी खरेदी (जाहिराती बंद, सगळे टप्पे खुले): गूगलवर नाही. ॲपलवर, बनवणाऱ्यानं परवानगी दिली असेल तर.
▪ हिरे, नाणी, आयुष्यं: कुठेही नाही.
▪ अनेक खेळांची एकत्र वर्गणी (प्ले पास, ॲपल आर्केड): सहा जणांना चालते.

फुकट खेळ पैसा कसा कमावतो?

दारात पैसे घेणारे खेळ आज मोबाइलवर थोडेच उरलेत. बहुतेक खेळ फुकट आत घेतात. मुंबईजवळ तयार झालेला ‘लुडो किंग’ हे आपल्याकडचं सगळ्यांत ओळखीचं उदाहरण. नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीचा हा खेळ २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. खेळायला पैसे नाहीत. मध्ये जाहिराती लागतात आणि ज्याला हवं तो आत थोडी खरेदी करतो. आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच फोनवर खेळू शकतात. एक फोन चौघांत फिरवून खेळता येणं ही या खेळाची मोठी माणुसकी आहे, असंच म्हणावं लागेल.

सगळेच फुकट खेळ इतके साधे नसतात. अशा खेळांत बहुतेक खेळाडू एक रुपयाही देत नाहीत. थोडे देतात आणि त्यातले मोजके भरपूर देतात. कंपनीची कमाई त्या मोजक्यांवर उभी असते. दारात ९९ रुपये घेतले असते तर प्रत्येकाकडून ९९ च मिळाले असते. आता एखाद्याकडून शून्य, एखाद्याकडून ४९ आणि एखाद्याकडून दहा हजार मिळतात. वरची मर्यादाच राहत नाही. एका प्रतीला खर्च नसल्यामुळे फुकट्या खेळाडूंचा भार पडत नाही. उलट ते खेळात गर्दी ठेवतात आणि पैसे देणाऱ्याला हरवायला कुणीतरी लागतंच.

मधली नाणी कशासाठी, हेही पाहायला हवं. तलवार थेट ४८ रुपयांना विकता आली असती. त्याऐवजी ती ६० हिऱ्यांना विकतात आणि हिरे मिळतात ५० च्या किंवा १३० च्या पुड्यात. ५० पुरत नाहीत म्हणून १३० घ्यावे लागतात. तलवार घेऊन ७० उरतात, आणि तेवढ्यात पुढची ढाल ८० हिऱ्यांना दिसते. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण रचना अगदी अशीच असते. रुपयांचा हिशेब हिऱ्यांत गेला की दहा वर्षांच्या मुलाला तो करता येत नाही, मोठ्यांनाही अवघड जातो. युरोपीय संघाच्या ग्राहक यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं आणि खेळातल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही दाखवावी, अशी अपेक्षा मांडली. ही अपेक्षा भारतातही नियम म्हणून यायला हवी.

आता घराचा हिशेब मांडा. फुकट खेळात हिरे वाटता येत नाहीत. म्हणजे तीन मुलं तोच खेळ खेळत असतील तर तिघांचे हिरे वेगळे आणि तिघांचा हट्टही वेगळा. ९९ रुपयांचा दारातला खेळ तिघांना मिळून ९९ ला पडतो, माणशी ३३. फुकट खेळ एकट्या मुलाच्या घराला कदाचित स्वस्त पडेल. तीन मुलांच्या घरात तो सगळ्यांत महाग पडण्याची शक्यता जास्त.

शंभरातले किती कुणाला?

एखाद्या खरेदीचे १०० रुपये गेले तर त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. कर वजा जाता मूळ किंमत साधारण ८४ रुपये ७५ पैसे. त्यातून दुकान आपला वाटा घेतं. हा वाटा अनेक वर्षं सरसकट ३० टक्के होता. २०२१ पासून ॲपल आणि गूगल दोघांनी लहान उत्पादकांसाठी तो १५ टक्क्यांवर आणला. १५ टक्के धरले तर दुकानाला पावणेतेरा रुपयांच्या आसपास आणि खेळ बनवणाऱ्याला ७२ रुपये मिळतात. ३० टक्के धरले तर बनवणाऱ्याच्या हाती ५९ रुपयेच उरतात. अ‍ॅपमधले पैसे गूगलच्याच बिलिंगमधून भरण्याच्या सक्तीबद्दल गूगलला भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलात ही रक्कम बरीच कमी झाली, पण दुकानाच्या वाट्याचा प्रश्न त्यामुळे सर्वांसमोर आला.

वर्गणीचा मार्ग

सरळ विक्री कमी झाल्यावर दुकानांनीच एक मधली वाट काढली. ‘ॲपल आर्केड’ सप्टेंबर २०१९ मध्ये भारतासह अनेक देशांत सुरू झालं, तेव्हा इथला दर महिना ९९ रुपये होता. ‘गूगल प्ले पास’ फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतात आलं, तेही महिन्याला ९९ आणि वर्षाला ८८९ रुपयांनी. दोन्हींत खेळांमध्ये जाहिराती नाहीत, आतली खरेदी नाही आणि एका वर्गणीत सहा जणांना खेळता येतं. प्रत्येकाची प्रगती आपापल्या खात्यात वेगळी राहते. त्या दरानं सहा जणांत वाटलं तर महिन्याला माणशी साडेसोळा रुपये. नेटफ्लिक्सनंही आपल्या वर्गणीत खेळ द्यायला सुरुवात केली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये मोठ्या यंत्रांवर विकत मिळत होता. तो मोबाइलवर आला तो नेटफ्लिक्सच्या वर्गणीतूनच.

वर्गणीची उणीव एकच आहे. पैसे भरणं थांबलं की खेळ थांबतो. ज्या घरात मुलं एखादाच खेळ वर्षभर खेळतात तिथं तो खेळ विकत घेणंच परवडतं. जिथं दर पंधरवड्याला नवा खेळ लागतो तिथं वर्गणी.

एकच खातं, तीन फोन

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत फॅमिली ग्रुपच्या फंदात कुणी पडत नाही. वडिलांचंच गूगल खातं तिन्ही फोनांवर घातलेलं असतं. यानं एक काम साधतं. खातं एकच असल्यामुळे विकत घेतलेलं अ‍ॅप सगळीकडे उतरतं आणि जाहिराती बंद करण्याची खरेदीही बहुतेकदा सगळीकडे लागू होते. जे फॅमिली लायब्ररी देत नाही ते असं मिळतं.

पण याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. वडिलांचे फोटो, संपर्क आणि पैसे भरण्याची सोय हे सगळं मुलाच्या फोनवर जातं. कोणती खरेदी कुणी केली हे मागाहून कळत नाही. सर्वांचे खेळ एकाच प्रगतीवर येऊन एकमेकांचे टप्पे पुसतात. म्हणून मुलांची खाती वेगळी ठेवून गट करणं अधिक बरं, जरी त्यात थोडं कमी मिळत असलं तरी.

मुलांच्या हातून नकळत होणाऱ्या खरेदीचा प्रश्न जुना आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१४ मध्ये ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. कारण साधं होतं. पालकानं एकदा पासवर्ड टाकला की त्यानंतर ॲपलवर पंधरा मिनिटं आणि गूगलवर अर्धा तास तो पुन्हा विचारला जात नव्हता. त्या वेळेत मूल हवं तेवढं विकत घेत होतं. भारतात ओटीपी आणि यूपीआयचा पिन मध्ये येतो म्हणून आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पण ओटीपी त्याच फोनवर येतो आणि पिन मुलांना पाहून पाठ झालेला असतो.

खेळ बनवणाऱ्यांच्या मर्यादाही पुरेशा नाहीत. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ २०२१ मध्ये आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला ७,००० रुपयांची खर्चमर्यादा जाहीर झाली होती. एमआयडीसीतल्या कामगाराच्या घरात ही रक्कम मर्यादा म्हणून कामाची नाही. ती घरालाच ठरवावी लागते.

त्यासाठी साधनं आहेत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची करता येते. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ या पालकांसाठीच्या अ‍ॅपमधून मुलाच्या प्रत्येक खरेदीला पालकाची मंजुरी लावता येते. ॲपलमध्ये हेच काम ‘आस्क टू बाय’ करतं. यूपीआय जोडण्याऐवजी गूगल प्लेचा शंभर रुपयांचा रिचार्ज कोड मुलाच्या खात्यात घातला तर खर्च शंभरावरच थांबतो. आणि चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेवर पैसे परत मागावेत. वेळ गेली की बनवणाऱ्या कंपनीची मनधरणी करावी लागते.

उरलेलं काम खेळ बनवणाऱ्यांचं आहे. मुंबई-पुण्यात मुलांसाठी खेळ आणि अभ्यासाची अ‍ॅप करणाऱ्यांनी निदान ‘सगळे टप्पे खुले’ ही खरेदी घरभर चालू द्यावी. ॲपलवर त्यासाठी एक कळ दाबायची आहे. अँड्रॉइडवर तोच माल आधी पैसे घेऊन आख्खं अ‍ॅप म्हणून विकला तर फॅमिली लायब्ररी तो आजही सहा जणांना देते.